अलर्ट() काढून सगळीकडे टोस्ट? मला पटत नाहीये

जुना_ब्राउझर:
टीममध्ये ठरलंय की अ‍ॅपमधले सगळे अलर्ट(), म्हणजे ब्राउझरच्या त्या ओकेवाल्या मेसेज-खिडक्या, उडवायचे आणि एक टोस्ट लायब्ररी (छोट्या मेसेज-पट्ट्या दाखवणारा तयार कोड) टाकायची, कारण काय तर म्हणे जुनाट दिसतं. दिसतं, मान्य. पण एका ओळीचं काम आहे, बाहेरच्या कोडची डिपेंडन्सी शून्य, आणि युजर ओके दाबेपर्यंत मेसेज हलत नाही. टोस्ट कोपऱ्यात येतो आणि तीन सेकंदात गायब, तेव्हा युजर बघत असतो कीबोर्डकडे. "सेव्ह झालं नाही" हे असं उडून जाणार असेल तर दाखवायचंच कशाला?

कोपऱ्यातला_टोस्ट:
अहो पण अलर्ट() आला की मेन थ्रेडच (पेजचा कोड जिथे चालतो तो) थांबतो, फेचचं, म्हणजे सर्व्हरकडे मागितलेलं, उत्तर येऊन पडलेलं असलं तरी पुढचा कोड ओके दाबल्याशिवाय चालत नाही. शिवाय लागोपाठ दोन-तीन आले की या पेजचे डायलॉग बंद करू का असं ब्राउझरच विचारतो, आणि युजरने एकदा हो म्हटलं की तुमचा तो न हलणारा मेसेज दिसतच नाही, कोडला पत्ताही नाही. २०२१ मध्ये क्रोम ९२ ने दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधले (पेजच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पेजमधले) अलर्ट बंदच केले होते, ओरड झाली म्हणून तेवढ्यापुरतं मागे घेतलं.

जुना_ब्राउझर:
आयफ्रेम आमच्याकडे नाहीयेत, ते सोडा. डायलॉग बंद करण्याचं मात्र डोक्यात नव्हतं. पण एरर किती सेकंद दाखवायची ते तुम्ही सांगितलंच नाही.

रिकामा_डिव:
स्क्रीन रीडरवाल्यांचं (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं) कोणीच बोलत नाहीये. टोस्ट म्हणजे शेवटी एक डिव, एचटीएमएलचा साधा डबा, त्याला रोल (हे काय आहे ते सांगणारी खूण) दिला नाही तर आंधळ्या युजरला काही कळतच नाही. "सेव्ह झालं" ला रोल स्टेटस पुरतो, तो चालू वाक्य संपू देतो, रोल अलर्ट मधेच तोडतो म्हणून तो फक्त एररला. आणि तो रिकामा डिव पेजवर आधीपासून असू द्या, मजकूर नंतर टाका, दोन्ही एकदम घातलं की कधी वाचतं कधी नाही (माझे दोन दिवस यातच गेलेत). सर्व्हरचा मेसेज इनरएचटीएमएलने (ते मजकूर एचटीएमएल कोड म्हणून घालतं) टाकू नका हेही सांगून ठेवतो, कोणीतरी त्यातून स्क्रिप्ट घुसवेल, टेक्स्टकंटेंट वापरा, ते साधा मजकूरच मानतं.

कोपऱ्यातला_टोस्ट:
म्हणून तर लायब्ररी म्हणतोय, ती करते हे सगळं.

रिकामा_डिव:
सगळ्या नाही करत. तुमच्यावालीचा डॉम (पेजवर ती बनवते ते एचटीएमएल) उघडून बघितलात का?

फुकटचा_सल्ला:
एवढं करण्यापेक्षा सरळ ब्राउझर नोटिफिकेशन लावा ना, टॅब बंद असला तरी दिसतं

जुना_ब्राउझर:
नको राव! टॅब बंद असताना दाखवायला सर्व्हिस वर्कर (पेज बंद असतानाही चालू शकणारी स्क्रिप्ट) आणि पुश (सर्व्हरने स्वतःहून मेसेज पाठवणं) लागतं. २०२० पासून, म्हणजे फायरफॉक्स ७२ पासून, युजरने क्लिक वगैरे केल्याशिवाय तिथे परवानगीची खिडकीच येत नाही, आणि त्याने ब्लॉक केलं की कोडमधून परत विचारता येत नाही. आयफोनवर आयओएस १६.४ पासून आहे, तेही होम स्क्रीनवर टाकलेल्या अ‍ॅपलाच. फॉर्ममधला पिनकोड चुकला हे सांगायला एवढा खटाटोप?

रिकामा_डिव:
+१. डिलीट करू का वगैरे विचारायला डायलॉग एलिमेंट (एचटीएमएलमधलीच खिडकी) घ्या, २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, शोमोडल() ने उघडलं की मागचं पेज क्लिक होत नाही आणि थ्रेडही अडत नाही.

जुना_ब्राउझर:
डिलीटला डायलॉग, चालेल. एररचा टोस्ट मात्र युजर फुली दाबेपर्यंत राहणार, नाहीतर मी पीआर (कोडमधला हा बदल) अप्रूव्ह करत नाही.

कोपऱ्यातला_टोस्ट:
आणि पाच एरर एकदम आल्या की? अख्खा कोपरा भरेल.

जुना_ब्राउझर:
पाच एकदम का येतात ते बघा की आधी.