दुर्बीण आहे, पण बाहेर निघत नाही : तुमचे अनुभव लिहा

हौशी आकाशनिरीक्षकांना "हल्ली काय पाहिलं?" असं विचारलं की बरेचदा उत्तर येतं ते ढगांचं, कामाच्या व्यापाचं, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यांचं. दुर्बीण घरातच असते. पैसे साठवून, पारखून घेतलेली, आरशावर व्यवस्थित झाकण घातलेली. त्याच काळात तिचा मालक ग्रहणांच्या वेळा काढत असतो, शनीच्या चंद्रांवर वाचत असतो, नव्या आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची) चौकशी करत असतो. म्हणजे आवड आटलेली नाही. तरी दुर्बीण महिनोन्महिने जागची हलत नाही.

मला वाटतं, आवड आणि आकाश यांच्या मधे येते ती बारीकसारीक कामांची रांग. उचला, जोडा, आरसा थंड होऊ द्या, डोळे अंधाराला सरावू द्या. त्यात आज नेमकं काय बघायचं हेही ठरलेलं नसेल तर पाऊल उचलतच नाही. हे झालं माझं मत. तुमच्याकडे कोणती दुर्बीण आहे, ती कुठे असते, का निघत नाही, आणि ज्यांची पुन्हा निघू लागली त्यांची कशामुळे, ते सविस्तर लिहा. विकली किंवा कुणाला दिली असेल तर तेही लिहा. कुणी कुणाला आळशी म्हणू नये, एवढी विनंती.

दहा इंची डॉबसोनियन

आठ इंची आरशावरून दहा इंचीवर गेलो आणि निरीक्षण निम्म्यावर आलं. डॉबसोनियन म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. नळी आणि बैठक मिळून तीस किलोच्या घरात जातात. दोन खेपा, एक जिना, मधे एक दार. जाताना उत्साह असतो; रात्री एक वाजता दव पडलेली नळी घेऊन परत चढायचं आहे, हे आठवलं की बेत बारगळतो.

दुसरी गोष्ट आरशाची. घरातल्या उबेत राहिलेला जाडजूड आरसा बाहेर आणला की तासभर तरी तो स्वतःची उष्णता सोडत राहतो. नळीतली हवा हलत राहते आणि गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा थरथरत दिसतो. अशा वेळी "ही दुर्बीणच बरी नाही" असं ठरवून आत जाणारे मी पाहिले आहेत. दुर्बीण चांगलीच असते, तिला वेळ हवा असतो.

हिला ज्यांचं नाव आहे त्या जॉन डॉब्सन यांनी ही बैठक साधी ठेवली ती लोकांपर्यंत नेता यावी म्हणूनच. जहाजांच्या गोल खिडक्यांच्या काचा घासून केलेले आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवुडची बैठक असा सगळा मामला. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवणाऱ्यांचा गट उभा केला. ते आठवून मी दुर्बिणीची जागाच बदलली. आता ती तळमजल्यावर, दाराशेजारच्या अडगळीच्या खोलीत, चाकांच्या पाटीवर, जोडलेल्याच अवस्थेत उभी असते. खोली बाहेरच्याइतकीच थंड असते, त्यामुळे आरशाला फारसा वेळ लागत नाही. दार उघडायचं, ढकलायचं. एवढ्यानेच फरक पडला. आरसा दहाऐवजी बारा इंची केला असता तर पडला नसता.

गोटू माउंट

थोडक्यात लिहितो. गोटू म्हणजे सांगितलेल्या ताऱ्याकडे मोटरने आपोआप वळणारी बैठक. ध्रुवाकडे रोखा, पातळी बघा, तारीख-वेळ भरा, दोन तारे दाखवून ओळख करून द्या. तोवर बॅटरी उतरलेली असायची किंवा ढग आलेले असायचे. विकली. हाताने फिरवायची सहा इंची घेतली. आकाश पाठ नव्हतं, ते आता पाठ होतंय. ज्यांना गोटू आवडतं त्यांच्याशी वाद नाही. भर शहरात, जिथे वाट दाखवायला तारेच दिसत नाहीत, तिथे त्याचा खरोखर उपयोग होतो.

सत्तर मिलिमीटरची छोटी अपवर्तक (भिंगाची)

मुलगी झाल्यापासून माझ्या वाट्याला रात्रीची अखंड अशी वीस मिनिटंच येतात, तीही ती झोपली तर. मोठी दुर्बीण कपाटात गेली. दीर्घिका, तेजोमेघ बघायचे तर डोळे अंधाराला सरावायलाच वीस ते तीस मिनिटं हवीत; तेवढ्यात माझा वेळ संपतो. चंद्राला मात्र हे काहीच लागत नाही. शहरातल्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही आणि लहान भिंग तापलं-थंडावलं तरी फारसा फरक पडत नाही.

म्हणून मी फक्त चंद्र बघायचं ठरवलं, आणि तोही एका वेळी एकच ठिकाण. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर जे असेल ते. अष्टमीच्या पुढेमागे चंद्राच्या दक्षिण भागात एक सरळ काळी रेघ दिसते, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. ती 'रूपेस रेक्टा'. सुमारे ११० किलोमीटर लांबीचा हा जमिनीतला भ्रंश आहे. एका बाजूची जमीन खचली आहे आणि सकाळचा सूर्य तिरपा आला की उंच बाजूची सावली खाली पडते. रेघ काळी दिसते ती त्या सावलीमुळे. पौर्णिमेला तिचा पत्ताही लागत नाही. कृष्ण पक्षात सूर्य दुसऱ्या बाजूने येतो, तेव्हा तोच उतार उजळतो आणि रेघ पांढरी दिसते. हा काळ्या-पांढऱ्याचा बदल मी स्वतः पाहिला, खिडकीतून, सत्तर मिलिमीटरमधून. मोठी दुर्बीण असताना चंद्र असलेल्या रात्री मी "आज उजेड आहे" म्हणून सोडून द्यायचे.

आठ इंची, शहरातून

छायाचित्रं बघून दुर्बीण घेणाऱ्यांची बाजू मांडतो. देवयानी दीर्घिका पहिल्यांदा आयपीसमध्ये आली तेव्हा मी फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) तपासला, नेम चुकला असेल म्हणून. नेम बरोबर होता. जे दिसत होतं ते धुरकट राखाडी ठिपकं होतं. अशी निराशा दोनचार वस्तूंवर झाली की पुढची रात्र पुस्तकात जाते, आकाशात नाही.

मला कुणी आधी सांगायला हवं होतं की मंद प्रकाशात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, राखाडीच दिसणार. आणि त्या पेशी नजरेच्या ऐन मध्यभागी नसतात, बाजूला दाट असतात. म्हणून वस्तूकडे थेट न बघता किंचित शेजारी बघायचं. हे जमायला लागल्यावर शौरी तारकासमूहातला एम-१३ हा गोलाकार तारकागुच्छ माझ्यासाठी बदलला. सरळ बघितला तर धुक्याचा गोळा. शंभर पटींवर, नजर बाजूला ठेवून, श्वास सावरून बघत राहिलं की कडेने तारे सुटे होतात, मग मधूनमधून गोळ्याच्या आतही टिपके लुकलुकून जातात. याला आठ इंची आरसा लागतोच. अंधाराला सरावलेल्या उघड्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा तो सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. पण त्या प्रकाशाला डोळ्याने वेळ द्यावा लागतो आणि ही सवय दुर्बिणीबरोबर खोक्यात येत नाही.

भेट मिळालेली साठ मिलिमीटर

खोक्यावर "५२५ पट" लिहिलं होतं. हिशेब करून पाहिला. नळीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, बारीक आयपीस ४ मिलिमीटरचा, म्हणजे १७५ पट. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग, झाले ५२५. आकडा खोटा नाही, निरुपयोगी आहे. भिंगाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे जास्तीत जास्त दोन पट, म्हणजे साठ मिलिमीटरला १२० पटींच्या वर अंधूक गोळ्याशिवाय काही मिळत नाही. शिवाय पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. जास्त पटींवर ग्रह नजरेसमोरून बघता बघता निघून जातो आणि तिपाईला हात लागला की सगळंच डोलतं. असल्या रात्रीनंतर कोण पुन्हा बाहेर काढेल?

बार्लो आणि ४ मिलिमीटरचा आयपीस वेगळे काढून ठेवले. २० मिलिमीटरचा लावला, ३५ पट. तिपाईचे पाय पूर्ण न लांबवता मधे पाण्याची भरलेली बाटली बांधली. गुरूचे चारही चंद्र दिसले, शनीचं कडं दिसलं. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र टिपले ते साधारण वीस पटींवर. ज्यांच्या घरी अशी दुर्बीण माळ्यावर आहे त्यांनी ती टाकाऊ समजू नये.

एक मात्र नक्की फेकून द्या. आयपीसला लावायची छोटी काळी सूर्यकाच काही जुन्या संचांत असते. एकवटलेल्या उन्हाने ती तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, त्याच कामासाठी बनवलेला फिल्टर हवा.

सहा इंची, रूपविकारी ताऱ्यांसाठी

वर म्हटलंय की काय बघायचं ते ठरलेलं नसतं. माझ्या बाबतीत गाडी अडत होती ती तिथेच. मेसियरच्या यादीतल्या वस्तू (तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका) पाहून झाल्या, ग्रह पाहून झाले, मग पुढे? तेच तेच दिसणार या विचाराने दुर्बीण पडून होती.

मग मी तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांकडे वळले. सुरुवात दुर्बिणीशिवाय केली. ययाती तारकासमूहातला अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) उतरायला पाचेक तास, पुन्हा चढायला तेवढेच. एक मंद तारा दुसऱ्याच्या पुढून जातो म्हणून असं होतं, ही कल्पना १७८३ मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलाने मांडली, नुसत्या डोळ्यांनी बघून. संध्याकाळी अल्गॉल शेजारच्या ताऱ्याच्या तोडीचा होता आणि जेवून पुन्हा बाहेर आले तर उघड मंद झाला होता. आकाशात काहीतरी घडताना पाहिलं याची जी जाणीव झाली ती मला कुठल्याही तेजोमेघाने दिली नव्हती.

पद्धत सोपी आहे. ज्यांची प्रत ठाऊक आहे असे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी, एक किंचित मंद. आपला तारा त्या दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं आणि वेळेसकट लिहायचं. एका ताऱ्याला पाच मिनिटं पुरतात. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना, आवसो (AAVSO), १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी जमवते आहे आणि संशोधक त्या वापरतात. लेस्ली पेल्टिअर हे ओहायोतल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी १९१८ पासून १९८० मध्ये मृत्यू होईपर्यंत सव्वा लाखाहून जास्त नोंदी पाठवल्या. त्यांना चार इंची दुर्बीण याच संघटनेने वापरायला दिली होती. वापरणाऱ्याच्या हाती दुर्बीण पोचवायची, ही गोष्ट तेव्हाही कुणालातरी महत्त्वाची वाटली होती.

आज ढग आले तर माझ्या नोंदीत एक खाडा पडतो आणि तो मला डाचतो. म्हणून आकाश उघडलं की मी बाहेर असते.

आठ इंची, आता माझ्याकडे नाही

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली कमी उघडते. तरुणपणी अंधारात सात मिलिमीटर उघडत असेल, तर साठीनंतर पाच म्हणजे पुष्कळ. कमी पटींवर दुर्बीण सात मिलिमीटर जाडीचा झोत बाहेर टाकत असेल तर त्यातला कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. आठ इंची आरशाचा मला साडेपाच इंचांएवढाच उपयोग. मोतीबिंदूही होता. तारे पिवळट आणि पिसारलेले दिसायचे. दुर्बीण कोपऱ्यात गेली याचं मला फार वाईट वाटायचं.

मग ओळखीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी बघायला यायला लागली. तिला आरसे जुळवायला शिकवलं, आरशावरची थोडी धूळ त्रास देत नाही, पुसण्याने मात्र ओरखडे पडतात, हे सांगितलं, आणि दुर्बीण तिच्याकडे नेऊन ठेवली. आठवड्याला तिचा फोन येतो. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा तिने लावला आणि "एक सोनेरी, एक निळा, खरंच!" असं ओरडून सांगितलं. पुढे माझी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मी तिच्या गच्चीवर जाऊन तोच जोडतारा पाहिला. पिवळी पडलेली नैसर्गिक भिंगं गेल्यामुळे निळा तारा इतका निळा होता, की मला तो कितीतरी वर्षांनी नीट भेटला.

दहा गुणिले पन्नास बायनॉक्युलर

माझी दुर्बीण फारशी निघत नाही आणि मला त्याची खंत वाटत नाही. रोजचं बघणं दहा पटींच्या, पन्नास मिलिमीटर भिंगांच्या बायनॉक्युलरवर चालतं: कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र. दुर्बीण मी प्रसंगांसाठी ठेवली आहे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीच्या पातळीत आली. तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ होता, पण पुढच्या महिन्यांत तो बारीक सुईने टोचल्यासारखा दिसत होता आणि दुर्बीण त्यासाठी निघाली. तेवढंही पुरतं.

रूपविकारी ताऱ्यांवर लिहिणाऱ्यांना एक विचारायचं आहे: उत्तर मुकुटातला टी नावाचा तारा कसा शोधायचा?

सहा इंची, रूपविकारी ताऱ्यांसाठी (उत्तर)

स्वातीपासून अभिजितकडे निघालात की पहिल्या टप्प्यात अर्धवर्तुळ दिसतं, तो उत्तर मुकुट. अर्धवर्तुळाच्या पूर्वेकडच्या टोकाजवळचा तारा एप्सिलॉन. त्याच्या दक्षिणेला साधारण एका अंशावर टी आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो, त्यामुळे बायनॉक्युलरला कठीण. सत्तर-ऐंशी मिलिमीटर हवेत. १८६६ आणि १९४६ साली तो उसळून नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला होता. आधी एप्सिलॉन कमी पटींवर मधोमध घ्या, नकाशाशी आसपासचे तारे जुळवा आणि घाई करू नका. पहिल्या रात्री जागा ओळखू आली तरी पुरे. दुसऱ्या रात्री थेट तिथेच जाता येतं. चंद्र मोठा नसेल अशी रात्र निवडा आणि दुर्बीण आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.