मदत हवी आहे: आईला घेऊन माथेरान, दस्तुरी नाक्यापासून पुढे कसं जावं?

डिसेंबरमध्ये दोन रात्री माथेरानला जायचंय. मी, बायको आणि आई (वय ७४). आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर दहा मिनिटं चालते, चढ-उतार मात्र नको. घोड्यावर बसायला ठाम नकार आहे.

पुण्याहून गाडीने येऊ, गाडी दस्तुरीला लावू. पुढे वाहनांना बंदी, हे माहीत आहे. नेरळहून मिनी ट्रेनने वर यायचा विचार केला होता, पण दोन तासांहून जास्त बसून तिचा गुडघा आखडतो. म्हणून दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत धावणारी मिनी ट्रेनची शटल बरी वाटते. हॉटेल बाजारापासून साधारण अर्धा किलोमीटर आहे. तिथे फोन केला तर "या हो, होईल काहीतरी" एवढंच उत्तर मिळालं!

मी पूर्वी एकदा रुळांच्या कडेने चालत गेलो होतो. लाल मातीने मोजे कायमचे विटकरी झाले, पण पार्किंगपासून अमन लॉज स्टेशनपर्यंतचा रस्ता कसा होता ते अजिबात आठवत नाही. हातरिक्षा शक्यतो नकोच, माणसाने ओढलेल्या गाडीत आई बसणार नाही.

अलीकडे कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा: पार्किंग ते अमन लॉज किती चालावं लागतं, वाटेत पायऱ्या आहेत का? शटलच्या डब्यात चढायची पायरी किती उंच आहे? आणि सामानासकट ई-रिक्षा थेट हॉटेलच्या दारापर्यंत सोडते का?