पावसाच्या आकड्यावरून वनप्रकार ठरतो का? महाबळेश्वर ते माण

कोरेगावचा_भूगोल:
नववीच्या वर्गाला भारतातील नैसर्गिक वनस्पती शिकवताना 200 सेंमीहून अधिक पावसाला सदाहरित वने, 70 ते 200 सेंमीला पानझडी आणि त्याहून कमी पावसाला काटेरी झुडपे असे कोष्टक द्यावे लागते. हेच कोष्टक आपल्या सातारा जिल्ह्याला लावून पाहिले असता माण-खटावला ते बरोबर बसते. महाबळेश्वरला मात्र वर्षाकाठी 500 सेंमीहून अधिक पाऊस पडूनही झाडे बुटकीच आहेत आणि कासच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) तर ती जवळजवळ नाहीतच. केरळच्या सायलेंट व्हॅलीसारखे उंच अरण्य इथे का नसावे? शिवाय एका जिल्ह्याच्या आधाराने देशभरची वनस्पती समजावणे कितपत योग्य ठरेल?

कोयनाखोरे:
सर, पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिने पडतो, हे झाडाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे सात-आठ महिने झाडांना साठलेल्या ओलाव्यावरच काढावे लागतात. केरळात वळवाच्या सरी लवकर येतात आणि परतीचा पाऊसही बऱ्यापैकी होतो, त्यामुळे तिथला कोरडा काळ बराच आखूड असतो. आपल्याकडे अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे हिरवी राहतात, पण घाटमाथ्यावरचा वारा आणि पातळ माती त्यांना उंच वाढू देत नाही. वन्यजीवांच्या वाटणीतही हा फरक दिसतो. वर्षभर फळे मिळण्यावर अवलंबून असलेला सिंहपुच्छ वानर उत्तर कन्नडच्या पलीकडे वर येत नाही. शेकरू, गवा आणि भेकर मात्र कोयना-चांदोलीत सुखाने राहतात.

कासची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे जांभ्या दगडाचा थर जवळजवळ उघडा असून त्यावर मातीचा पापुद्रा तेवढा आहे. पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तोच सडा तव्यासारखा तापतो, म्हणून वायतुरा किंवा कीटकभक्षी दवबिंदू यांसारख्या अल्पायुषी किंवा कंदाच्या आधाराने तगणाऱ्या वनस्पतींनाच तिथे जागा मिळते.

माणदेशी:
माण आणि आटपाडीला कोष्टक ‘बरोबर बसते’ म्हणून तो भाग एका ओळीत संपवू नये, एवढी विनंती आहे. आमच्याकडे बाभूळ, हिवर, बोर आहेतच, पण खरी वनस्पती म्हणजे कुसळी आणि मारवेल या गवतांचे माळ. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना उघडी जमीनच लागते. माळढोकासाठी 1979 मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले, तेही याच गवताळ प्रदेशाच्या जोरावर. तरीही कागदोपत्री माळाला पडीक म्हणायचे आणि मग त्यावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची लागवड करायची, हा उद्योग मला कधीच पटलेला नाही. झाडी दाट झाली की माळढोकासारख्या दूरवर पाहून सावध होणाऱ्या पक्ष्याला तिथे राहणे अवघड होते.

कोरेगावचा_भूगोल:
दोघांचेही आभार. आपल्या जिल्ह्यातून देशातले कोणते प्रकार दाखवता येणार नाहीत, हेही कोणी सांगावे. तसेच सहलीसाठी सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य कसे राहील?

कृष्णाकाठ:
दोन मोठे घटक इथे नाहीत. पहिला घटक थंडीचा. हिमालयाच्या एकाच उतारावर तराईत साल, वर चीड, मग ओक आणि देवदार, त्याहून वर भूर्ज आणि शेवटी बुग्याळांची (उंचावरच्या कुरणांची) गवते असा क्रम लागतो आणि त्या माथ्यांवर हिमबिबट्या व कस्तुरीमृग आढळतात. लडाखमध्ये पाऊस मारवाडाहूनही कमी असतो, पण तिथे बाभळी नाहीत, कारण थंडी त्यांना जगू देत नाही. दुसरा घटक खारेपणाचा. सुंदरबनात पाऊस भरपूर पडतो, पण सुंदरीसारखी खारफुटीच तिथे टिकते. म्हणजे पावसाचे कोष्टक वर्गात द्यावेच, परंतु त्याला उष्णता, माती आणि कोरड्या महिन्यांचे स्तंभ जोडावेत.

सागरेश्वर सहलीला उत्तम आहे, मात्र ते नैसर्गिक वनाचा नमुना म्हणून दाखवू नये. सुमारे 10.87 चौरस किलोमीटरच्या त्या कुंपणबंद अभयारण्यातील झाडी माणसांनी उभी केलेली आहे आणि सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडलेले आहेत. ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे जाणारा खरा छेद पाहायचा असेल तर चांदोलीकडून निघून शिराळा, विटा असे पूर्वेला आटपाडीपर्यंत जावे आणि मुलांना दर टप्प्यावर पानांचा आकार मोजायला सांगावा.