तयार मॉडेल विमानाचा गोंद तपासाच
रिमोटवर उडणाऱ्या तयार मॉडेल विमानांबद्दल कुणीतरी ‘खोक्यातून काढा, पंख जोडा, उडवा’ असं लिहिलंय, ते वाचून माझं ४० साइजचं (०.४० घनइंच इंजिनाचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, आठवलं. दुसऱ्याच लँडिंगला पुढचं चाक फायरवॉलसकट (नाकातली, इंजिन धरणारी प्लायवूडची फळी) उखडलं. तुटल्या जागी बघतो तर गोंदाचे चार ठिपके, बाकी प्लायवूड कोरं करकरीत! तेव्हापासून नवं एआरएफ (जवळजवळ तयार येणारं विमान) आलं की इंजिन बसवण्याआधी फायरवॉलच्या आतल्या कडांवरून ३० मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) फिरवतो आणि कोपऱ्यांत बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) त्रिकोणी पट्ट्या चिकटवतो. ५ मिनिटांचं नको, लाकडात मुरायच्या आत घट्ट होतं. लँडिंग गिअरच्या ठोकळ्यालाही हाच उपचार.

बिजागऱ्या चिकटवलेल्याच असतील असं धरून चालू नका, काही किटांत त्या नुसत्या खोचलेल्या असतात. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर (पंख-शेपटीवरचे हलणारे भाग), सगळं एकेका बिजागरीपाशी धरून चांगलं ओढा. सरकली तर दोन्ही बाजूंनी पातळ सीएचे (सुपरग्लूचे) थेंब सोडा.

फक्त गोंदाच्या नादात वजन विसरू नका. शेपटीत १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं भरावं लागतं (हे मी करून बसलोय). सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) सगळं वाळल्यावर, टाकी रिकामी ठेवून बघा.