लस दिली तरी विलगीकरण हवंच

काही जण म्हणतात की लसीकरणाचा दाखला असला की परदेशातून आणलेल्या घोड्याला विलगीकरणात ठेवणं म्हणजे नुसता वेळकाढूपणा. नाही पटलं. इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे घोड्यांच्या फ्लूच्या, लशीने घोडा फारसा खोकत नाही, ताप सहज जाणवण्याइतका चढत नाही, पण नाकावाटे विषाणू बाहेर पडत राहू शकतो. म्हणजे उलट ओळखायलाच अवघड!

ऑस्ट्रेलियाचं २००७ चं प्रकरण बघा. बाहेरून आणलेले घोडे लस दिलेले होते, सिडनीजवळच्या विलगीकरण केंद्रात ठेवलेलेही होते. तरीही विषाणू बाहेर गेला. चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा एखाद्या माणसाच्या अंगाकपड्यांवरून किंवा सामानावरून तो गेला. आत घोडा बंद, आणि त्याला हात लावणारा माणूस अंघोळ न करता, कपडे न बदलता फाटकाबाहेर! पुढे ७० हजारांच्या आसपास घोड्यांना लागण झाली.

म्हणून कागदांपेक्षा मी दिवसातून दोनदा घेतलेल्या तापाच्या नोंदी आधी बघेन. त्यातही एक गोम आहे. विमानात मान वर बांधलेली राहिली की श्वासनलिकेतला कफ खाली उतरून बाहेर पडत नाही, आणि प्रवासाचाच ताप येतो. म्हणून ताप दिसला की तो प्रवासाचाच, फ्लूचा नाही, असं अंदाजाने ठरवू नये, नाकातला नमुना तपासावा.

आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घोड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचं गणित मात्र वेगळं. तो चिलटांमार्फत पसरतो, तिथे बूट धुऊन भागत नाही, तबेल्याला बारीक जाळी लागते.