एकच मेटाफेज (विभाजनात गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तो टप्पा) पेशी आधी फ्लुरोसन्सखाली, मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली: सल्ला हवा

तुर्कतंतू:
हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) आहेत. गुणसूत्रांवर एच२बी-एमचेरी (लाल चमकणारी खूण), मायक्रोट्यूब्यूलवर (पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवर) जीएफपी-ट्यूब्युलिन (हिरवी खूण). जिवंतपणी पाहिलेल्या पेशीचाच स्पिंडल (गुणसूत्रं ओढणारी मायक्रोट्यूब्यूलची चाती) नंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हवाय. पण फिक्स करताना (रसायनाने पेशी आहे तशी टिकवताना) गोल झालेल्या पेशी सुटून जातात, आणि रेझिनमध्ये (काप घेण्यासाठी पेशी बसवतात त्या कडक प्लास्टिकमध्ये) नेमकी पेशी सापडत नाही. डिश कोणती घ्यावी? फिक्सेशन कसं करावं?

जाळीचीकाच:
मायटोसिसमध्ये (पेशीविभाजनात) पेशी तळाची पकड सोडते, म्हणून माध्यम अजिबात ओतून टाकू नका. १ मिली माध्यमात १ मिली दुप्पट ताकदीचं फिक्सेटिव्ह कडेने सावकाश सोडा: ५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ०.२ मोलर कॅकोडायलेट बफर, पीएच ७.४. ते ३७ अंशांवर कोमट हवंच. फ्रीजमधलं थेट घातलंत तर थंडीने मायक्रोट्यूब्यूल सुटे होतात आणि स्पिंडल अर्धामुर्धाच उरतो. १० मिनिटांनी ताजं २.५ टक्के घालून तासभर ठेवा. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं. काम फ्यूम हूडमध्ये, कचरा वेगळा.

डिश अक्षर-आकड्यांची जाळी कोरलेली घ्या, काच ०.१७ मिमी, वर फायब्रोनेक्टिनचा लेप. आधी १०एक्सवर अक्षरासकट साधा फोटो, मग ६०एक्सवर फ्लुरोसन्स. फ्लुरोसन्सचं सगळं काम फिक्स करण्याआधी उरका: ग्लुटाराल्डिहाइडमुळे पार्श्वभूमीच चमकू लागते आणि ऑस्मियमनंतर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी देतात त्या जड धातूच्या प्रक्रियेनंतर) जीएफपी जवळपास विझतो.

निळाप्रकाश:
एक भर. हेलाचं मायटोसिस साधारण तासाभराचं, त्यामुळे दर ३ मिनिटांनी एक फोटो पुरतो. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा मारा वाढला की पेशी मेटाफेजलाच अडकते, आणि मग तुम्ही प्रकाशाने बिघडलेला स्पिंडल अभ्यासत बसता. पेशी एका टप्प्यावर आणायला नोकोडॅझोल टाळा, ते मायक्रोट्यूब्यूलच मोडतं. त्याऐवजी आरओ-३३०६ (पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबवणारं रसायन), ९ मायक्रोमोलर, रात्रभर. धुतल्यावर पाऊण तासाच्या आसपास मेटाफेज मिळतात.

तुर्कतंतू:
आभार. रेझिनमधून काच कशी काढू?

जाळीचीकाच:
६० अंशांवर ४८ तास रेझिन पक्कं होऊ द्या, मग आलटून पालटून द्रव नायट्रोजन आणि गरम पाणी. काच सुटते, जाळीचा ठसा रेझिनवर राहतो. अक्षरं सरळ दिसतात की उलटी ते पाहून घ्या, मगच आजूबाजूचं छाटा. पहिल्या कापांत स्पिंडल दिसला नाही म्हणून घाबरू नका: पेशी गोल असल्याने तो तळापासून काही मायक्रॉन वर असतो. ७० नॅनोमीटरचे काप घेतलेत तर ५ मायक्रॉनसाठी सुमारे ७० काप लागतात. टोमोग्राफी (वेगवेगळ्या कोनांतल्या फोटोंवरून त्रिमितीय चित्र) करणार असाल तर जाडी २५०-३०० नॅनोमीटर ठेवा.