हेरिटेज घर आवडलंय, पण आतलं काम विनापरवाना! घ्यावं का?

प्रश्न: १५० वर्षं जुनं घर आहे, हेरिटेज यादीतलं. आताच्या मालकांनी खालची मधली भिंत पाडून एकच मोठा हॉल केलाय, वर नवीन बाथरूम काढलंय आणि मंजूर नकाशात यातलं काहीच नाही. विचारलं तर म्हणे "अहो दहा वर्षं झाली, कुठे काय झालं?" माझा जीव गुंतलाय त्या घरात, नवरा म्हणतोय नको ती भानगड.

आडवीतुळई: काही झालं नाही म्हणजे अजून कोणी बघितलं नाही एवढंच. खरेदीनंतर नोटीस आली तर ती साधारणपणे तुमच्याच दारात येणार. पण त्याच्याही आधी ती भिंत भार घेणारी होती का ते बघा, वरच्या तुळया तिला आडव्या जात असतील तर बहुतेक होतीच. वरच्या खोलीत जमिनीवर गोटी सोडून बघा, दारं घासतात का, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय का. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःचा न्या, एजंटने सुचवलेला नको.

चुनखडी: मला कागदांपेक्षा ओलीची भीती जास्त. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलाय का बघा, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं आणि मग भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. आमच्याकडे वरून सगळं चकाचक होतं, बाथरूमखालच्या तुळईत सहज स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा! आणि हो, जुना रंग घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

फाईलवाला: परवानगी नंतरही मिळते काही वेळा, पण हेरिटेजमध्ये "होतं तसं परत करा" असंही सांगू शकतात आणि तो खर्च भयंकर असतो. त्यामुळे काम नियमित करून देणं मालकाच्या गळ्यात घाला, तशी अट करारात लिहून घ्या, नाही झालं तर इसार परत. बँक आणि विमावाल्यांनाही आधीच खरं सांगा, लपवलं तर पुढे क्लेम अडकतो.

प्रश्नकर्ती: आज परत जाऊन आले. वरच्या खोलीत दोन्ही भिंतींकडून गोटी सोडली, दोन्ही वेळा गडगडत खोलीच्या मधोमध येऊन थांबली, बरोब्बर खालची भिंत जिथे होती तिथेच. मालक म्हणाले, "फरशी जुनी आहे हो."